हातोडी शोधताना सापडलेले सोने

१/
इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे एक लहानसे खेडे आहे. १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यात या खेड्याजवळच्या एका शेतात पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याची हातोडी हरवली. जमीन सफोक कौंटी कौन्सिलची होती आणि व्हॉटलिंग ती कुळाने कसत असे. हातोडी सापडेना, तेव्हा त्याने एरिक लॉज या आपल्या मित्राला हाक मारली. लॉज पेशाने माळी. नुकताच निवृत्त झालेला. निवृत्तीच्या वेळी त्याला भेट म्हणून एक मेटल डिटेक्टर मिळाला होता.

या हातोडीची आणि तिच्या शोधात हाती लागलेल्या सोन्याची ही कथा. थ्रेड थोडा लांबेल.

२/
१६ नोव्हेंबर रोजी लॉज शेतात फिरू लागला. यंत्राने खणखणीत आवाज दिला. उकरून पाहिले तर हातोडी नव्हती. चांदीचे चमचे, नाणी आणि सोन्याचे दागिने मातीतून वर येऊ लागले. पाहता पाहता दोन पिशव्या भरल्या. माती अजून बोलतच होती. खाली बरेच काही असल्याचे स्पष्ट होते.

याच क्षणी लॉजने हात थांबवला. पुढे न खणता त्याने जमिनीच्या मालकाला आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी सफोकचे पुरातत्त्व पथक शेतात दाखल झाले.

इतिहासाच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत मोलाची घटना सोने सापडण्याची नाही. सोन्यासमोर उभा असलेला एक माणूस खणायचा थांबला, ही आहे.

३/
प्रथम यंत्राविषयी थोडेसे. मेटल डिटेक्टरच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीत धातू असेल तर त्या धातूत भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि कानाला आवाज ऐकू येतो.

यंत्राला धातूचे वय कळत नाही, मोलही कळत नाही. सोन्याची लहान अंगठी आणि ॲल्युमिनियमच्या डब्याचे तोडलेले झाकण यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. बारीक साखळी तर हमखास हुलकावणी देते. कारण तिची प्रत्येक कडी सुटी-सुटी बोलते आणि प्रत्येकीचा आवाज अगदी हळू असतो.

४/
या यंत्राचा जन्म खजिन्यासाठी झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कोठे आहे हे शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने असे एक उपकरण वापरून पाहिले. प्रयत्न फसला. रुग्णाच्या गादीतील पोलादी तारांनीही त्यात घोटाळा केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधणारे, हाती धरून चालवता येणारे यंत्र सिद्ध केले. एल अलामेनच्या वाळवंटात त्याचा उपयोग झाला.

युद्धानंतर तेच तंत्र हौशी लोकांच्या हाती आले आणि १९७० च्या दशकात ब्रिटनमधील शेताशेतांतून यंत्रधारी माणसे दिसू लागली. पुरातत्त्वज्ञ संतापले. १९८० साली तर या छंदाविरुद्ध रीतसर मोहीमच उघडली गेली. हॉक्सनच्या शेताची पार्श्वभूमी ही अशी आहे. दोन्ही पक्षांत तेव्हा विश्वास फारसा नव्हता.

५/
पथकाने संपूर्ण ठेव एका दिवसात बाहेर काढली. घाई होती, कारण बातमी फुटली असती तर रात्रीतून चोर आले असते. तरीही घाईत बेफिकिरी नव्हती. नाण्यांचे आणि भांड्यांचे काही भाग मातीच्या ढेकळांसह जसेच्या तसे उचलले गेले आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत सावकाश उलगडले गेले.

त्यातून एक पेटी डोळ्यांसमोर उभी राहिली. लाकूड कुजून गेले होते. पण लोखंडी बिजागऱ्या, पट्ट्या आणि वस्तूंची मांडणी यांवरून ओकची पेटी ओळखता आली. लांबी सुमारे ६० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ३०.

६/
पेटीच्या आत आणखी लहान पेट्या होत्या. त्यांची चांदीची दोन चिमुकली कुलुपे सापडली. वाडगे एकात एक रचलेले होते आणि ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये वाळलेले गवत घातलेले होते.

या गवतापाशी क्षणभर थांबावे. लुटारू दारात उभा असताना कोणी वाडग्यांमध्ये गवत घालीत बसत नाही. हे सामान निगुतीने बांधले गेले. बांधणाऱ्याला ते पुन्हा सोडायचे होते, आणि सोडताना एकाही भांड्यावर चरा पडलेला त्याला नको होता. ही माहिती सोन्यात नव्हती, चांदीतही नव्हती. ती मांडणीत होती. फावड्याच्या आणखी दहा घावांनी ती कायमची पुसली गेली असती.

७/
आता ऐवज पाहू. सोन्याची नाणी ५६९, चांदीची १४,२७२, काशाची २४. एकूण १४,८६५. त्याखेरीज चांदीचे चमचे, पळ्या, वाडगे आणि इतर वस्तू मिळून सुमारे २०० नग. सोन्याचे दागिने २९ : अंगावर घालायची एक साखळी, ६ कंठहार, ३ अंगठ्या आणि १९ बांगड्या. सोन्याचे वजन सुमारे साडेतीन किलो, चांदीचे जवळपास पावणेचोवीस किलो.

ब्रिटनमध्ये सापडलेली उत्तर रोमन काळातील सोन्याचांदीची ही सर्वांत मोठी ठेव आहे.

८/
दागिन्यांतील सर्वांत दुर्मीळ नग म्हणजे ती साखळी. चार सर दोन्ही खांद्यांवरून आणि दोन्ही काखांखालून येऊन छातीवर व पाठीवर एकत्र मिळतात. प्राचीन भारतीय शिल्पांतील यक्षींच्या अंगावर दिसणारे छन्नवीर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिची घडण लगेच ओळखू येईल. वजन सुमारे २५० ग्रॅम.

पुढच्या पदकात मधोमध एक जांभळा ॲमेथिस्ट आणि त्याच्याभोवती चार गार्नेट आहेत. त्यांच्या मधली चार कोंदणे आज रिकामी आहेत. तेथे बहुधा मोती होते आणि मातीत ते विरून गेले. पाठीकडच्या पदकात सम्राट ग्रेशियन याचे सोन्याचे नाणे जडवले आहे. त्याची कारकीर्द इ. स. ३६७ ते ३८३. साखळी पुरली गेली तेव्हा ते नाणे निदान एका पिढीइतके जुने झाले होते.

९/
साखळीचे माप घेतले असता एक गोष्ट ध्यानात आली. छातीचा घेर ७६ ते ८१ सेंटिमीटर असणाऱ्या व्यक्तीलाच ती नीट बसते. म्हणजे ती एखाद्या सडपातळ स्त्रीची, किंवा नुकत्याच वयात आलेल्या मुलीची असावी.

तिचे नाव? बांगड्यांपैकी एकीवर जाळीच्या नक्षीतूनच लॅटिन अक्षरे कोरून काढली आहेत : ‘उतेरे फेलिक्स दोमिना युलियाने’. अर्थ असा, की बाईसाहेब युलियाना, ही सुखाने वापरा. साखळी आणि बांगडी एकाच स्त्रीची होती असे म्हणायला पुरावा नाही. परंतु या घरात युलियाना नावाची एक मानाची बाई होती आणि कोणीतरी तिला आशीर्वादासह बांगडी घडवून दिली होती, एवढे मात्र सोन्यानेच सांगितले आहे. तिच्याविषयी जगाला ठाऊक असलेले एवढेच.

१०/
काय सापडले याइतकेच काय सापडले नाही हेही महत्त्वाचे ठरले. तिन्ही अंगठ्यांतील खडे नाहीसे आहेत. ते मातीत गळून पडलेले नाहीत. पुरण्यापूर्वीच कोणीतरी काढून घेतले होते. चांदीची एक देखणी वाघीण आहे. ती वस्तुतः एका मोठ्या सुरईची मूठ. सुरईचा मात्र पत्ता नाही. श्रीमंत रोमन घरात हमखास असणारी मोठी ताटेही या पेटीत नाहीत.

मातीचा थर न् थर तपासला गेल्यामुळे हे विधान ठामपणे करता येते. वस्तू चोरीस गेल्या नव्हत्या, नांगराने विखुरल्या नव्हत्या; त्या पेटीत कधी नव्हत्याच. घराची संपत्ती वाटली गेली असावी. एक पेटी येथे पुरली गेली, दुसरी कदाचित आणखी कोठे.

११/
काळ कोणता? सर्वांत अलीकडची नाणी तिसऱ्या कॉन्स्टंटाइनची, म्हणजे इ. स. ४०७-४०८ ची आहेत. हा सेनापती ब्रिटनमध्येच सम्राट म्हणून घोषित झाला आणि सैन्य घेऊन गॉलमध्ये उतरला. ब्रिटनला रोमचे संरक्षण त्यानंतर पुन्हा लाभले नाही. पेटी त्यापूर्वीची असू शकत नाही.

चांदीची नाणी आणखी काही सांगतात. त्यांतील जवळजवळ प्रत्येक नाण्याची कड कातरलेली आहे. रोमहून नवी नाणी येणे थांबले, तेव्हा लोक जुन्या नाण्यांच्या कडा छाटून चांदी काढू लागले. मात्र सम्राटाचा चेहरा काळजीपूर्वक वाचवला. राज्य जवळजवळ संपले होते. त्याच्या शिक्क्यावरचा विश्वास तेवढा शिल्लक होता.

१२/
आणि या पेटीत हिंदुस्थानही आहे. चांदीच्या चार मिरपुडदाण्या तीत मिळाल्या. एक राजघराण्यातील स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. तिच्या तळाशी फिरणारी चकती बसवलेली आहे. एका स्थितीत दाणी बंद राहते, दुसऱ्या स्थितीत भरता येते, तिसऱ्या स्थितीत बारीक भोकांतून मिरपूड शिंपडता येते.

मिरी उगवत होती मलबारच्या डोंगरउतारांवर. तेथून मुझिरिससारखी बंदरे, मोसमी वारे, तांबडा समुद्र, मग ईजिप्त आणि भूमध्य सागर. एवढा प्रवास करून ती सफोकच्या जेवणाच्या मेजावर पोहोचत असे. इ. स. ४०८ मध्ये अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा मागितलेल्या खंडणीत सोन्या-चांदीबरोबर ३,००० पौंड मिरी होती, अशी नोंद झोसिमस या इतिहासकाराने केली आहे. हॉक्सनची पेटी याच काळाच्या उंबरठ्यावरची आहे.

१३/
घर कोणाचे होते? १० चमच्यांच्या एका संचावर ‘ऑरेलियस उर्सिसिनस’ हे नाव आहे. तो घरधनी असेल किंवा नसेलही. चमचे वारशाने येतात, भेट म्हणूनही येतात. ठेवीच्या जागेभोवती पुढे उत्खनन झाले, पण वाड्याचे अवशेष मिळाले नाहीत. मिळाला तो एका खांबाचा खड्डा. त्याचा काळ ठरलेला नाही. परंतु पेटीची जागा पुन्हा ओळखता यावी म्हणून रोवलेल्या खुणेच्या खांबाचा तो असू शकेल.

तसे असेल तर पुरणाऱ्याने गवत घातले, कुलुपे लावली आणि खूणही ठेवली. परत येण्याची सर्व तयारी केली होती. परत मात्र कोणी आले नाही.

१४/
हे सारे न कळण्याची शक्यता किती होती, हे पाहण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागते.

नोव्हेंबर १९७९. सफोकला लागून असलेल्या नॉरफोक परगण्यातील थेटफर्ड. बांधकामासाठी मोकळ्या केलेल्या जागेवर एका हौशी माणसाने परवानगी न घेता डिटेक्टर चालवला आणि त्याला उत्तर रोमन काळातीलच अप्रतिम ठेव मिळाली. त्यात सोन्याच्या २२ अंगठ्या होत्या, कंठहार होते, बांगड्या होत्या, चांदीचे ३३ चमचे होते. चमच्यांवर फाउनस या प्राचीन देवाची नावे कोरलेली. साम्राज्य ख्रिस्ती होत असताना जुन्या देवाला धरून राहिलेल्या एखाद्या मंडळाचा हा पुरावा असावा.

शोध लपवला गेला. अधिकाऱ्यांना तो कळेपर्यंत कित्येक महिने उलटले होते.

१५/
तोवर त्या जागेवर इमारत उभी राहिली होती. शोधणारा माणूस गंभीर आजारी होता. थोड्याच काळात त्याचा मृत्यू झाला. त्याला नीट प्रश्न विचारण्याची संधीही गेली.

वस्तू वाचल्या. आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये झळकत आहेत. परंतु ती पेटी होती का, पोतडी होती का, एखाद्या देवळाच्या जमिनीखाली पुरली होती का, सोबत नाणी होती का, या प्रश्नांची उत्तरे काँक्रीटखाली गेली. हे देवस्थानाचे धन की सोनाराचा माल, यावर अभ्यासक तर्क करीत राहतात. हॉक्सन आणि थेटफर्ड या दोन ठेवींत सोन्याचे पाणी सारखेच आहे. एकीला घर आहे, दुसरी अनाथ आहे.

१६/
हॉक्सनच्या वेळी इंग्लंडमध्ये मध्ययुगीन परंपरेतून आलेला निखात-निधीचा कायदा लागू होता. सोने किंवा चांदी परत काढून घेण्याच्या हेतूने पुरली असेल तर ती राजसत्तेची. मात्र प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला पूर्ण बाजारभावाने बक्षीस. सप्टेंबर १९९३ मध्ये हॉक्सनची ठेव तशी घोषित झाली आणि तिचे मूल्य ठरले साडेसतरा लाख पौंड. ते लॉजला मिळाले. ज्याच्या हातोडीमुळे हे घडले त्या व्हॉटलिंगला त्याने त्यात वाटा दिला.

पुढे १९९६ चा खजिना कायदा आला. शोध चौदा दिवसांत कळवणे बंधनकारक झाले आणि बक्षीस शोधणारा व जमीनमालक यांच्यात विभागण्याची पद्धत बसली. १९९७ पासून हौशी लोकांचे लहानमोठे शोध नोंदवून घेणारी राष्ट्रीय योजनाही सुरू झाली. तिच्या नोंदी आता दहा लाखांच्या पलीकडे गेल्या आहेत.

१७/
कायद्याने मोह नाहीसा होतो असे नाही. २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोघा डिटेक्टरधारकांना नवव्या शतकातील ठेव मिळाली : सोन्याची अंगठी, सोन्याचे कडे, स्फटिकाच्या गोळ्याचे पदक आणि अंदाजे ३०० नाणी. त्यांनी ती लपवून फुटकळ विकली. मोबाइलमधून पुसलेली छायाचित्रे तपासयंत्रणेने परत मिळवली, तेव्हा ठेवीचा खरा आकार कळला. २०१९ मध्ये दोघांना दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली.

नाणी परत मिळाली ती तीसच्या आसपास. रीतसर कळवले असते तर बक्षिसाचा मोठा वाटा कायदेशीरपणे त्यांच्याच पदरी पडला असता.

१८/
आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात गुप्तधनाच्या कथा गावोगाव आहेत. हंड्यावर बसलेला नाग, धन दिसणारा पायाळू माणूस, अमावस्येची पूजा. कथा येथवर निरुपद्रवी. परंतु याच श्रद्धेने नरबळीही घेतले आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांची स्वतंत्र दखल घ्यावी लागली आहे.

जमिनीतील धनासाठी देशाचा मूळ कायदा मात्र १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास वाटा जातो, शिक्षाही होऊ शकते. धनावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा.

१९/
ऐकायला हे उदार वाटते. खोच पुढे आहे. शासनाला ते धन स्वतःकडे घ्यायचे असेल तर द्यावयाची रक्कम म्हणजे धातूचे मोल आणि वर त्याचा एक पंचमांश. घडणीचे मोल नाही, वयाचे नाही, दुर्मिळतेचे नाही.

या हिशेबाने युलियानाची बांगडी म्हणजे काही ग्रॅम सोने आणि वर वीस टक्के. मग नांगराच्या फाळाला लागलेली पुतळी किंवा मोहर गुपचूप सराफाकडे का जाते, याचे आश्चर्य वाटू नये. मुशीत वितळले की नाण्यावरचा राजा जातो, लेख जातो, टांकसाळ जाते. दोष केवळ शेतकऱ्याच्या लोभाचा नाही. प्रामाणिकपणाला किती किंमत द्यायची हे ठरवणाऱ्या कायद्याचाही आहे.

२०/
किल्ल्यांवर आणि जुन्या गढ्यांवर प्रेम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संरक्षित स्मारकात परवान्यावाचून खणणे हा गुन्हा आहे. यंत्र हाती असले तरी आणि हेतू कितीही शुद्ध असला तरी.

आपल्या शेतात, विहिरीच्या कामात किंवा पायाच्या खड्ड्यात काही चमकलेच, तर करावयाचे ते थोडे आहे. हात थांबवावा. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, खूण करावी आणि तहसील कार्यालयामार्फत किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. वस्तू किती खोल होती आणि तिच्या शेजारी काय होते, ही माहिती पुढे कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही.

२१/
शेवटी पुन्हा हॉक्सन. ती हातोडी सापडली का?

सापडली. त्याच शेतात, नंतर. व्हॉटलिंगने ती ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. लाकडी दांड्याची, रोजच्या कामाची साधी हातोडी आता पंधरा हजार नाण्यांच्या आणि बाईसाहेबांच्या बांगडीच्या गोतावळ्यात संग्रहालयाची मालमत्ता होऊन बसली आहे.

त्या शेतात दोन माणसांच्या वस्तू मातीआड झाल्या होत्या. एकाला आपली वस्तू काही दिवसांत परत मिळाली, कारण शोधायला मित्र धावून आला. दुसऱ्याने वाडग्यांमध्ये गवत घातले, कुलुपे लावली आणि सोळाशे वर्षे त्याची वाट पाहिली गेली. त्याचे नाव आजही निश्चित सांगता येत नाही. त्याने सामान कसे बांधले होते, हे मात्र सांगता येते. एक निवृत्त माळी वेळेवर थांबला, म्हणून.